नव्वद किलोमीटरवरचं लोखंड

भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलेल्या कुणालाही सोडियमचा दिवा आठवत असेल. प्रयोगशाळेच्या अंधाऱ्या खोलीत तो लावला की सुरुवातीला लालसर दिसतो, मग तापत तापत पिवळाजर्द होतो. त्या प्रकाशात न्यूटनची कडी मोजायची, स्पेक्ट्रोमीटरच्या दुर्बिणीतून पिवळ्या रेषेवर तार जुळवायची. ग्रेटिंग चांगलं असेल तर एका रेषेच्या दोन झालेल्या दिसतात, एक 589.0 नॅनोमीटरला आणि दुसरी 589.6 ला. जर्नलमध्ये आकडे भरायचे, सरांची सही घ्यायची, की प्रयोग संपला.

नेमका हाच प्रकाश रोज रात्री रत्नागिरीच्या डोक्यावर असतो, सुमारे नव्वद किलोमीटर उंचीवर. तो इतका मंद असतो की डोळ्याला जाणवत नाही, पण चांगल्या उपकरणाला सहज सापडतो. तो देणारे सोडियमचे अणू या पृथ्वीचे नाहीत, उल्कांनी आणलेले आहेत. त्यांच्या सोबत लोखंड आहे, मॅग्नेशियम आहे, पोटॅशियम, कॅल्शियम आणि निकेलही आहे. रत्नागिरीहून आंबा घाटाने कोल्हापूरला जायला सव्वाशे किलोमीटरहून जास्त रस्ता कापावा लागतो, म्हणजे हा थर आपल्याला कोल्हापूरपेक्षा जवळ आहे. तरीही त्याच्याविषयी मराठीत वाचायला फारसं मिळत नाही. ती उणीव थोडी भरून निघावी म्हणून हे पुस्तक लिहिलं. हा धातू वर पोचतो कसा, उपग्रहांनी तो मोजला कसा, आणि आज तो मोजत राहणं पूर्वीपेक्षा जास्त गरजेचं का झालं आहे, हे या प्रस्तावनेत सांगतो.

तारा तुटला की आपण वर बघतो, पण उल्कांच्या रूपाने येणाऱ्या वस्तुमानाचा मोठा भाग तसा दिसतच नाही. तो येतो मिलिमीटरहूनही लहान कणांतून, धूमकेतूंनी आणि लघुग्रहांच्या टकरींनी सूर्यमालेत पसरलेल्या धुळीतून. हे कण सेकंदाला 11 ते 72 किलोमीटर वेगाने वातावरणात शिरतात. विरळ हवेच्या रेणूंवर आपटून तापतात, वितळतात आणि त्यांची वाफ होते. ही वाफ एकदम होत नाही. सोडियम आणि पोटॅशियम लवकर सुटतात, लोखंड आणि मॅग्नेशियम त्यानंतर, आणि कॅल्शियम, अॅल्युमिनियम सगळ्यात शेवटी. मंद गतीचा बारीक कण पुरेसा तापला नाही, तर त्यातलं कॅल्शियम सुटतच नाही, कणासोबत खाली येतं. म्हणून वर कोणता धातू किती आहे हे कळलं, की आलेले कण कोणत्या आकाराचे होते, किती वेगाने आले होते, याचाही माग लागतो.

अशी किती धूळ रोज येते? या एका प्रश्नावर शास्त्रज्ञांचं अनेक वर्षं एकमत नव्हतं. दिवसाला 5 टनांपासून 300 टनांपर्यंत अंदाज निघत. रडारवाले एक सांगत, ध्रुवीय बर्फात धूळ शोधणारे दुसरंच, उपग्रहांवर आदळलेल्या कणांचे खड्डे मोजणारे तिसरंच. इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठात जॉन प्लेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वरच्या धातूंच्या थरांचं मोजमाप आणि त्यांचं रसायन यांची सांगड घातली, आणि त्यांचे अलीकडचे आकडे साधारण 28 ते 43 टनांच्या आसपास येतात. अनिश्चितता अजून मोठी आहे. पण साठपटींचा गोंधळ एवढ्यावर आला, याचं बरंचसं श्रेय या पुस्तकाच्या विषयाला, म्हणजे धातूंच्या मोजणीला जातं.

आता एक साधा हिशेब करून बघू. जमिनीच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर, वरच्या थरात, सोडियमचे ढोबळ मानाने चार अब्ज मोकळे अणू असतात. पृथ्वीचं क्षेत्रफळ 51 कोटी चौरस किलोमीटर, म्हणजे 5.1 गुणिले 10 चा अठरावा घात इतके चौरस सेंटिमीटर. गुणाकार करा, अॅव्होगॅड्रोच्या संख्येने भागा, सोडियमच्या अणुभाराने, म्हणजे 23 ने गुणा. उत्तर येतं सुमारे 780 किलो. साऱ्या पृथ्वीला वेढणारा हा सोडियमचा थर एका पिकअप गाडीत मावेल इतकाच आहे! थर जिथे सगळ्यात दाट असतो तिथेही एका घन सेंटिमीटरला फक्त काही हजार अणू भेटतात. एवढासा ऐवज शेकडो किलोमीटरवरून, धावत्या उपग्रहातून मोजता येतो, ही मला या विषयातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते. ते शक्य होतं कारण सोडियमचा अणू आपल्या ठरलेल्या रंगाचा सूर्यप्रकाश अतिशय जोमाने शोषतो आणि तसाच परत फेकतो. त्याच्याइतका हा गुण थोड्याच मूलद्रव्यांत आहे.

सोडियम आहे म्हटल्यावर किनाऱ्यावरच्या माणसाला पहिला संशय समुद्राचाच येणार. शास्त्रज्ञांनाही तो आला होता. अमेरिकेत अॅरिझोनातल्या लॉवेल वेधशाळेतून व्ही. एम. स्लायफर यांनी 1929 मध्ये रात्रीच्या आकाशाच्या उजेडात ही पिवळी रेषा नोंदवली, आणि त्यानंतर बराच काळ, लाटांच्या तुषारांतून उडालेलं मीठच वर पोचत असावं असं मानणारे होते. पण रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या किनाऱ्यावरून वाऱ्याने उडालेलं मीठ फार वर जात नाही. ढग आणि पाऊस त्याला धुऊन खाली आणतात. 1960 च्या दशकात रॉकेटमधून पाठवलेल्या मास स्पेक्ट्रोमीटरांना त्याच उंचीवर लोखंडाचे आणि मॅग्नेशियमचे आयन सापडले, तेही उल्कापाषाणांत असतात साधारण त्याच प्रमाणात. समुद्राच्या पाण्यात लोखंड जवळजवळ नसतंच. हळूहळू मिठाची बाजू मागे पडली.

सोडियम तिथे चमकत का राहतं, हे सिडनी चॅपमन यांनी 1939 मध्ये सांगितलं. सोडियमचा अणू ओझोनकडून ऑक्सिजनचा एक अणू घेतो, आणि मोकळा फिरणारा दुसरा ऑक्सिजन अणू तो काढून नेतो. सोडियम पुन्हा मोकळा होतो आणि जाता जाता पिवळा प्रकाश देतो. हे चक्र चालू राहतं, अणू खर्ची पडत नाही. थराच्या खालच्या बाजूला मात्र हवा दाट होते, पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड भेटतात, आणि सोडियमचं बायकार्बोनेट बनतं. लोखंडाचीही अशीच संयुगं बनतात. हे रेणू एकमेकांना चिकटून नॅनोमीटरभर आकाराचे कण होतात. त्यांना उल्काधूर म्हणतात. हा धूर खाली जमिनीपर्यंत यायला काही वर्षं घेतो. वाटेत उन्हाळी ध्रुवांवरच्या रात्रदीप्त ढगांना बीज पुरवतो, स्थितांबरातल्या सल्फ्युरिक आम्लाच्या थेंबांत विरघळतो, आणि शेवटी समुद्रात पडून तिथल्या सूक्ष्म वनस्पतींना थोडंसं लोखंड देतो.

जमिनीवर पोचलेली धूळ गोळा करून हे काम भागेल का? परदेशात घराच्या छपरावरची धूळ लोहचुंबकाने गोळा करून सूक्ष्म उल्काकण शोधण्याचा छंद बराच पसरला आहे. नॉर्वेच्या जॉन लार्सन यांनी शहरी छपरांवर असे कण खरोखर मिळतात हे दाखवून दिलं, आणि 2017 मध्ये शास्त्रज्ञांनी त्याला दुजोरा दिला. रत्नागिरीत हा प्रयोग करायचा तर अडचण वेगळी आहे. कौलारू छपराच्या पन्हळीखाली चुंबक धरलं तर त्याला भराभर कण चिकटतात, पण ते बहुतेक जांभ्याचे असतात. इथल्या वाटा, गडगे, चिरे सगळे लोहयुक्त जांभ्याचे. त्यात मालगुंड-नेवरे बाजूच्या किनाऱ्यांवरची काळी वाळू, म्हणजे इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट. एवढ्या लोखंडातून अवकाशातला एखादा गोलसर कण निवडायचा तर सूक्ष्मदर्शकाखाली तासन्‌तास बसावं लागतं. ज्याला सवड आहे त्याने जरूर बसावं. पण रोज किती टन धूळ येते हे त्यातून कळणार नाही. त्यासाठी धातू जिथे सुटतो तिथेच गाठावा लागतो.

तिथे पोचण्याचे मार्ग फार नाहीत. विमानं आणि फुगे इतके वर जात नाहीत, उपग्रह इतक्या खाली टिकत नाहीत. रॉकेट त्या थरातून जातं, पण मिनिटभरात पार होतं. जमिनीवरून लेसरचा झोत सोडून, परत आलेला प्रकाश मोजायचा मार्ग आहे, त्याला लिडार म्हणतात. इंग्लंडमध्ये स्लाउ इथून 1969 मध्ये सोडियमचा थर पहिल्यांदा असा मोजला गेला. आपल्याकडे आंध्र प्रदेशात तिरुपतीजवळ गादंकी इथे, आज राष्ट्रीय वातावरण संशोधन प्रयोगशाळा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत, 2005 पासून सोडियम लिडारने वेध घेतले गेले. लिडार मिनिटामिनिटाला आणि शे-दीडशे मीटरच्या तपशिलाने थर दाखवतो, त्यातल्या लाटा दाखवतो. पण तो एकाच जागेचं बघतो, आणि त्याला निरभ्र आकाश लागतं. कोकणात जून ते सप्टेंबर आभाळ बंद असतं. ऑगस्टमधला ययाती तारकासमूहातला उल्कावर्षाव इथे कितीजणांना नीट बघायला मिळतो? उपग्रहाला मात्र ढग आड येत नाहीत, कारण तो ढगांच्याही वरून बघतो. ढगच नव्हे, ओझोनसुद्धा त्याच्या वाटेत येत नाही. मॅग्नेशियमच्या अणूची रेषा 285 नॅनोमीटरला आहे, त्याच्या आयनाच्या रेषा 280 च्या आसपास. हा अतिनील प्रकाश ओझोनमध्ये शोषला जातो, जमिनीपर्यंत येतच नाही. म्हणजे उल्कांतून येणाऱ्या एका मुख्य धातूचा जमिनीवरून असा शोध घेणं कुणालाही शक्य नाही. तो वरूनच मोजायला हवा.

भाट्याच्या वाळूत उभं राहून सूर्यास्त बघताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. सूर्य समुद्रात बुडाला तरी नव्वद किलोमीटर उंचीवर तो अजून बुडालेला नसतो. आपल्या डोक्यावरच्या थरावर पुढची सुमारे 40 मिनिटं ऊन असतं, आणि खाली अंधार पडत असतो. त्या वेळी वरचे सोडियम अणू सूर्यप्रकाश घेतात आणि पिवळा प्रकाश परत देतात. संधिप्रकाशातली ही वाढलेली चमक 1930 च्या दशकाच्या अखेरीस शास्त्रज्ञांच्या नजरेस आली आणि पुढची कित्येक वर्षं थर मोजण्याचं तेच साधन होतं.

आपल्या देशाच्या अवकाशयुगाची सुरुवातही याच तत्त्वावर झाली. 21 नोव्हेंबर 1963 ला संध्याकाळी थुंबाहून भारतातलं पहिलं रॉकेट उडालं. ते अमेरिकन नाइके-अपाचे होतं आणि त्यात फ्रान्सने दिलेली सोडियमची कुपी होती. रॉकेटने वर जाऊन सोडियमची वाफ सोडली, खाली अंधारलं होतं आणि वर ऊन होतं, आणि केरळच्या आकाशात नारिंगी ढग उजळला. तो वाऱ्याने कसा सरकतो हे बघून वरच्या वाऱ्याचा वेग काढायचा होता. चुंबकीय विषुववृत्त तिथून जातं म्हणून थुंबाची निवड झाली, आणि ती जागा शोधण्याच्या कामात विक्रम साराभाईंसोबत एकनाथ चिटणीस होते, मूळचे कोल्हापूरचे. उल्का जे काम अब्जावधी वर्षं करत आल्या आहेत, ते त्या संध्याकाळी माणसाने हाताने करून पाहिलं. माझ्या मते भारतीय अवकाश संशोधनाच्या इतिहासात या सोडियमच्या ढगाला मिळायला हवी तितकी जागा मिळालेली नाही. सगळे रॉकेटविषयी बोलतात, त्यात काय होतं ते राहून जातं.

पिवळ्या रेषेचा विषय निघाला की आपल्या जिल्ह्यात विजयदुर्गचं नाव निघतंच. 1868 साली विजयदुर्ग रत्नागिरी जिल्ह्यात होता. सिंधुदुर्ग वेगळा झाला 1 मे 1981 ला. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा भारतावरून गेला, आणि किल्ल्यातले 'साहेबाचे ओटे' दाखवून, नॉर्मन लॉकियर यांनी इथूनच हेलियम शोधला असं सांगितलं जातं. कागदोपत्री जे आहे ते असं: ग्रहणाच्या दिवशी फ्रान्सचे पिएर जानसेन गुंटूरला होते, आणि लॉकियर यांनी त्याच वर्षी 20 ऑक्टोबरला इंग्लंडमधून, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेचा वर्णपट पाहिला. लॉकियर भारतात आले ते 1871 च्या ग्रहणाला. दरवर्षी 18 ऑगस्टला विजयदुर्गावर हेलियम दिनाला मुलं जमतात ती जमावीतच. त्यांना ही खरी हकीकत सांगितली तर त्यांचा अभिमान कमी व्हायचं कारण नाही, कारण खरी हकीकत जास्त शिकवणारी आहे. सूर्यात दिसलेली ती पिवळी रेषा पहिल्यांदा अनेकांना सोडियमचीच वाटली होती. ती 589 ला नव्हती, 587.6 च्या आसपास होती. दीड-दोन नॅनोमीटरचा हा फरक कुणीतरी दुर्लक्षला नाही, म्हणून एक नवं मूलद्रव्य हाती लागलं. उपग्रहांवरून धातू मोजणारे आजही याच काटेकोरपणावर जगतात.

 

आता उपग्रहाकडे. सरळ खाली बघितलं तर उपयोग होत नाही. खालून, जमिनीवरून आणि ढगांवरून, परावर्तित झालेला सूर्यप्रकाश इतका असतो की वरच्या 780 किलोंचा क्षीण पिवळा उजेड त्यात बुडून जातो. म्हणून उपग्रह तिरपा, क्षितिजाच्या किनारीकडे बघतो. तिथे पृथ्वी नजरेच्या खाली राहते, मागे काळं आकाश असतं, आणि मध्ये वातावरणाची एक पातळ पट्टी दिसते. सहाशे किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहासाठी हा बघण्याचा बिंदू सुमारे 2600 किलोमीटर दूर असतो. दूर असला तरी त्यात फायदा आहे. आडव्या नजरेला थरातून काही शेकडो किलोमीटर जावं लागतं, त्यामुळे प्रकाश साठत जातो आणि मोजण्याइतका होतो.

पण त्या साठलेल्या प्रकाशात सगळ्या उंचींची सरमिसळ असते. 85 किलोमीटरवर नजर लावली तरी ती अलीकडे आणि पलीकडे 90 आणि 95 च्या थरांतूनच जाते. म्हणून हिशेब वरून सुरू करायचा. 110 किलोमीटरवर काय आहे ते ठरवायचं, खालच्या नोंदीतून तेवढं वजा करायचं, मग आणखी एक पायरी उतरायची. कांद्याचे पापुद्रे बाहेरून आत सोलत जावेत तसं हे काम चालतं. त्यात आणखी गुंते आहेत. सूर्याच्या स्वतःच्या वर्णपटात सोडियमच्या जागी काळ्या फ्राउनहोफर रेषा असतात, म्हणजे वरच्या अणूंना नेमका त्यांच्या रंगाचा प्रकाश कमीच मिळतो. त्या काळ्या रेषेच्या तळाशी किती उजेड उरतो, हे अचूक माहीत नसेल तर सोडियमचा आकडा तितक्याच पटीने चुकतो. शिवाय अलीकडचे अणू पलीकडच्या अणूंचा प्रकाश वाटेतच शोषतात, त्याचीही दुरुस्ती करावी लागते. या विषयाची खरी मेहनत या दुरुस्त्यांत आहे, म्हणून पुस्तकातलं सगळ्यात मोठं प्रकरण त्यालाच दिलं आहे. वाचकांनी ते वगळू नये अशी विनंती.

हे काम ज्या उपग्रहांनी केलं त्यांत दोन नावं महत्त्वाची. स्वीडनचा ओडिन 20 फेब्रुवारी 2001 ला उडाला. त्यावरचं ओसिरिस हे उपकरण मुख्यतः ओझोनसाठी होतं, पण त्याच्या नोंदींतून सोडियम आणि नंतर पोटॅशियमही काढता आलं. ओडिन जिथून जातो तिथे साधारण सकाळ-संध्याकाळचे सहा वाजलेले असतात, म्हणजे त्याचं बघणं बहुतांशी संधिप्रकाशातलं. दुसरा युरोपचा एन्व्हिसॅट, 1 मार्च 2002 ला उडालेला. त्यावरच्या सियामाकी या उपकरणाने मॅग्नेशियम, मॅग्नेशियमचा आयन आणि सोडियम मोजलं. 2008 च्या मध्यापासून त्याला पंधरवड्यातून एखादा दिवस खास 50 ते 150 किलोमीटरची पट्टी बघायला दिली जाऊ लागली. त्याच उपग्रहावरचं गोमॉस हे दुसरं उपकरण मावळते तारे बघायचं. तारा वातावरणाच्या किनारीआड जाताना त्याच्या प्रकाशातून सोडियमने किती घेतलं, यावरून थर काढायचा. 8 एप्रिल 2012 ला एन्व्हिसॅटशी संपर्क तुटला आणि हे सगळं एका दिवसात थांबलं.

त्यांनी काय दाखवलं? सोडियम हिवाळ्यात वाढतं आणि उन्हाळ्यात घटतं, आणि हा फरक ध्रुवांकडे जाताना वाढत जातो. उन्हाळ्यात ध्रुवांवर या उंचीचं तापमान पृथ्वीवर कुठेही नसेल इतकं खाली जातं, बर्फाचे कण तयार होतात, आणि धातूचे अणू त्यांना चिकटून जवळजवळ नाहीसे होतात. आपल्या सतरा अक्षांशावर वर्षभराचा फरक त्या मानाने थोडा. पोटॅशियम आवर्तसारणीत सोडियमच्या थेट खाली, वागणं सारखं असावं अशी अपेक्षा. पण ते हिवाळ्यात वाढतं तसं उन्हाळ्यातही वाढतं. मॅग्नेशियमचे आयन अणूंच्या थोडे वर, 95 ते 105 किलोमीटरच्या दरम्यान, जास्त सापडतात. विषुववृत्ताच्या बाजूला तर दिवसा विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रं मिळून हे आयन उचलतात आणि शेकडो किलोमीटर वर नेतात. उल्केने नव्वदवर सोडलेलं लोखंड पाचशे किलोमीटरवर आढळतं, ते त्यामुळे. पृथ्वीपुरतंच हे नाही. 19 ऑक्टोबर 2014 ला सायडिंग स्प्रिंग धूमकेतू मंगळाच्या अगदी जवळून गेला तेव्हा नासाच्या मेव्हन यानाला तिथल्या हवेत मॅग्नेशियम आणि लोखंडाचे आयन भसकन वाढलेले दिसले. आपलं मंगळयानही त्या दिवशी तिथेच होतं, महिनाही झाला नव्हता पोचून.

धातूच्या आयनांचं आयुष्य हवेच्या आयनांपेक्षा कितीतरी जास्त असतं. वाऱ्याने दाबले जाऊन त्यांचे एक-दोन किलोमीटर जाडीचे दाट पापुद्रे तयार होतात. रेडिओवाले त्यांना स्पोरॅडिक-ई म्हणतात. हौशी रेडिओचालकांना एरवी क्षितिजापलीकडे न जाणाऱ्या लहरींवर अचानक हजार-दीड हजार किलोमीटरवरचा आवाज ऐकू येतो, तो याच पापुद्र्यांवरून परतलेला. ज्या किनाऱ्यावर मच्छीमारांची सुरक्षा रेडिओवर अवलंबून आहे, तिथे ही माहिती नुसती ज्ञानाची हौस राहत नाही.

घाटमाथ्यावर या उंचीचा अभ्यास नवा नाही. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं मध्यम कंप्रतेचं रडार 1999 पासून, साधारण 80 ते 100 किलोमीटर उंचीवरचे वारे मोजत आलं आहे. त्याच्या जोडीला रात्रीच्या आकाशाची चमक मोजणारी उपकरणं आहेत. म्हणजे धातू ज्या वाऱ्यात तरंगतात त्या वाऱ्याची नोंद आपल्या शेजारच्या जिल्ह्यात आहे. याच संस्थेची पाळंमुळं कुलाब्याच्या वेधशाळेत. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी चुंबकीय नोंदी बिघडणार, म्हणून 1904 मध्ये हे काम अलिबागला नेलं गेलं, आणि तिथे ते आजही चालू आहे. एक नोंद शतकाहून अधिक काळ अखंड ठेवायची, त्यासाठी लागेल तर जागा बदलायची, पण नोंद तोडायची नाही. या विषयाला असाच बाणा हवा, आणि त्याचं कारण आता सांगतो.

2 एप्रिल 2022 च्या संध्याकाळी महाराष्ट्रात अनेक ठिकाणी लोकांनी आकाशात जळत जाणाऱ्या वस्तूंची रांग पाहिली. पुष्कळांना ती उल्काच वाटली. थोड्या वेळाने चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूची एक मोठी कडी पडलेली सापडली, व्यास सुमारे तीन मीटर. आसपासच्या गावांतून धातूचे गोळेही मिळाले. ते चिनी लाँग मार्च रॉकेटच्या वरच्या टप्प्याचे अवशेष असल्याचं जाणकारांनी सांगितलं. खाली पडलं त्याच्या बातम्या झाल्या. वर जळून वाफ झालं ते कुठे गेलं, हा प्रश्न कुणी फारसा विचारला नाही.

ते तिथेच राहिलं. जळणारा उपग्रह किंवा रॉकेटचा टप्पा आपली बरीचशी धातूची वाफ उल्कांच्या थराखाली, पण त्याच भागात सोडतो, आणि ती पुढे उल्काधुराच्याच वाटेने उतरते. 2023 मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञांनी उंच उडणाऱ्या विमानातून अलास्काच्या बाजूला स्थितांबरातले कण तपासले. सल्फ्युरिक आम्लाच्या मोठ्या कणांपैकी सुमारे 10 टक्क्यांत अॅल्युमिनियम आणि अवकाशयानांत वापरले जाणारे इतर धातू सापडले. लिथियम, अॅल्युमिनियम, तांबं आणि शिसं यांचं प्रमाण तर अवकाशातल्या धुळीतून येणाऱ्यापेक्षा जास्त निघालं. उपग्रह ज्या वेगाने सोडले जात आहेत, त्यावरून हे 10 टक्के येत्या काही दशकांत 50 पर्यंत जातील असा त्यांचा अंदाज आहे. याचा ओझोनवर, ढगांवर काय परिणाम होईल हे सांगायला आधी एक गोष्ट माहीत असायला हवी: माणसाच्या धातूखेरीज, केवळ उल्कांनी, वर किती धातू असतो. ते निसर्गाचं मूळ प्रमाण आज मोजलं नाही, तर वीस वर्षांनी मोजता येणार नाही, कारण तेव्हा त्यात सगळं मिसळलेलं असेल.

आणि नेमकं आत्ताच हातातली साधनं कमी होत आहेत. एन्व्हिसॅट गेला. ओडिनने आपल्या ठरलेल्या आयुष्याच्या कितीतरी पट काम केलं आहे. पुढे येणाऱ्या उपग्रहांत हा थर मोजणं हेच ज्यांचं मुख्य काम आहे असे जवळजवळ नाहीतच. भारताला हे जमणार नाही असं मुळीच नाही. 20 एप्रिल 2011 ला सोडलेल्या युथसॅट या छोट्या भारत-रशिया उपग्रहावर इस्रोने बनवलेलं, किनारीकडे बघून हवेची चमक 450 ते 950 नॅनोमीटरमध्ये मोजणारं उपकरण होतं. म्हणजे अशी नजर आपण एकदा लावलेली आहे. ती पुन्हा, अतिनीलापर्यंत वाढवून आणि धातूंसाठीच लावली जावी, असं माझं स्पष्ट मत आहे. सतरा अक्षांशाजवळचा आपला प्रदेश, खाली चुंबकीय विषुववृत्त, शेजारी कोल्हापूरचं रडार आणि गादंकीचा अनुभव. उष्णकटिबंधातल्या धातूंचा अभ्यास करायला याहून चांगली जागा सहसा सापडणार नाही.

तोवर हातावर हात ठेवून बसायची गरज नाही. एन्व्हिसॅटच्या दहा वर्षांच्या नोंदी युरोपच्या अवकाश संस्थेकडे आजही आहेत, आणि नाव नोंदवलं की त्या कुणालाही विनामूल्य मिळतात. त्या वाचायला साधा संगणक आणि थोडा प्रोग्रॅमिंगचा सराव पुरतो. रत्नागिरीच्या गोगटे-जोगळेकर महाविद्यालयात, किंवा चिपळूण, दापोली, राजापूर, कुठेही भौतिकशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींना माझं सांगणं आहे की, सोडियमच्या दिव्याचा प्रयोग झाला, जर्नलवर सही झाली, की एकदा या नोंदी उतरवून घ्या. 589 नॅनोमीटरच्या आसपासची पट्टी काढा, नव्वद किलोमीटरची नोंद शोधा, सूर्याची काळी रेषा आणि उल्कांची उजळ रेषा वेगळी करून बघा. पहिल्या खेपेला जमणार नाही. त्यासाठीच पुस्तकाच्या शेवटी हिशेबाच्या पायऱ्या तपशिलाने दिल्या आहेत. काही अडलं, काही चुकीचं वाटलं, तर कळवा.